पान गळतं, धातू विरघळतो

दादा, तिसऱ्या दिवशी सकाळी राखेतून तू निघालास तो असा: ओंजळभर हाडं आणि एक सळई. हाडं सगळ्यांचीच निघतात. सळई फक्त तुझी निघाली. मांडीच्या हाडात घातलेली, टायटॅनियमची, वरच्या टोकाला एक जाडजूड स्क्रू तिरका आरपार गेलेला. तू जळलास, तिला ढिम्म काही झालं नव्हतं. बायका सावडायला जात नाहीत म्हणून सुधावहिनी घरी थांबली. मी गेले. निखिल हाडं वेचता वेचता थांबला आणि म्हणाला, "आत्या, ह्याचं काय करायचं?" घाटावरच्या माणसाने चिमट्याने ती बाजूला केली. "ये रहने दो भैया, लोहा नर्मदाजी में नहीं डालते." लोखंड नाही ते, टायटॅनियम आहे, असं तू असतास तर त्याला तिथल्या तिथे सांगितलं असतंस.

मला हसू आलं. खरंच आलं, आणि निखिलने ते पाहिलं. शरीरात आपोआप विरघळून जाणारे स्क्रू बनवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्या राखेत हे निघावं! पोराला वाटलं आत्या दुःखाने भ्रमिष्ट झाली. त्याने माझा हात धरला. मी सळई धुतली आणि पिशवीत टाकून घरी आणली. स्वयंपाकघराच्या खिडकीचा पल्ला वाऱ्याने आपटतो, त्याला ती टेकू म्हणून लावली आहे. तुझ्या कुठल्या धातूवर विसंबायची ही माझी दुसरी वेळ. या खेपेला टिकेल असं दिसतंय.

घरी माणसं येतात, तुझ्याबद्दल गोड बोलतात. मी त्यात नाही. मला तुझ्याकडून एक वाक्य हवं होतं आणि ते न देताच तू गेलास. 'शैले, चूक स्क्रूची होती, तुझी नव्हती.' बस, एवढंच. मी काही भाषण मागत नव्हते. माफीही मागत नव्हते. पण मी ते मागितलं की तू मला व्याकरण शिकवायचास.

व्याकरण आपल्या घरात जेवणाआधी वाढलं जायचं. बाबा सातारा सोडून इकडे हिंदी मुलखात कारखान्यात लागले, बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये आले, आणि पोरांची मराठी बिघडते या काळजीत उरलेलं आयुष्य काढलं. त्यांच्यानंतर ती गादी तू चालवलीस. मी म्हणायचे, "भाजी बनली." तू म्हणायचास, "भाजी होते. बनवतात ते माणसाला." मी म्हणायचे, "मी वापस येते." तू म्हणायचास, "परत." आईच्या वर्षश्राद्धाला भटजींनाही तू सोडलं नाहीस. ते उज्जैनचे होते, बिचारे पुढचे सगळे मंत्र घाबरत घाबरत म्हणाले.

तरी एक गोष्ट मला कबूल करावी लागते. हे सगळं तू माझ्यासाठी सुरू केलंस. क्वार्टरमागच्या पेरूच्या झाडावरून मी पडले, हाताचं हाड मोडलं, आणि इस्पितळात आत स्टीलची पट्टी बसवली. हाड जुळल्यावर ती काढायला पुन्हा कापावं लागणार, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्यांदा नेलं तेव्हा मी खाटेचा दांडा सोडेना. "परत नको कापू, परत नको कापू," असं ओरडत होते. तू तेव्हा कॉलेजात होतास. तू माझी बोटं एकेक करून दांड्यापासून सोडवलीस, मला उचललंस आणि कानात म्हणालास, "मी असं काहीतरी शोधतो की पुन्हा कापावंच लागणार नाही. आत राहील, काम करील आणि जाईल." मला ते जादूसारखं वाटलं. तू ते खरं करायला निघालास.

प्रयोगशाळेतली नोकरी धरलीस, मॅग्नेशियमच्या मागे लागलास. मॅग्नेशियम शरीरातल्या पाण्यात हळूहळू विरघळतं आणि शरीर ते बाहेर टाकतं, म्हणजे हाड जुळेपर्यंत स्क्रू धरून ठेवणार आणि मग नाहीसा होणार. प्रश्न फक्त वेळेचा, असं तू म्हणायचास. हाडाने आधी जुळायचं, स्क्रूने नंतर जायचं. हे तू पिपलानीच्या बसस्टॉपवर उभ्या असलेल्या कुणालाही सांगायचास. लोक बस सोडून ऐकायचे, म्हणजे तू त्यांना बस धरू द्यायचा नाहीस.

आणि मग माझा घोटा मोडला. शाळेत शिकवून येताना सोनागिरीच्या वळणावर स्कूटर घसरली, आणि आतल्या बाजूचं हाड मोडलं. तुझे स्क्रू तेव्हा नुकतेच माणसांत घालायला लागले होते, मोजक्या माणसांत, सगळ्या परवानग्या घेऊन. डॉक्टरांनी मला दोन्ही पर्याय नीट समजावले. स्टील जुनं, खात्रीचं. हे नवीन. तू खोलीच्या कोपऱ्यात उभा होतास. नियमाप्रमाणे तू काही बोलायचं नव्हतंस आणि तू बोललाही नाहीस. नुसता माझ्याकडे बघत होतास. मी खाटेच्या दांड्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "याचेच घाला." तुझ्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला तो निखिल झाला तेव्हाही उमटला नव्हता. वहिनी साक्षीला आहे.

नंतरचे दिवस, मी खोटं कशाला बोलू, फार छान होते. मॅग्नेशियम विरघळताना थोडा हायड्रोजन वायू सुटतो, तो कातडीखाली साठतो आणि दाबलं की कुरकुरतो. मी घाबरले. तू खूश झालास. रोज संध्याकाळी प्रयोगशाळेतून थेट माझ्याकडे यायचास, जमिनीवर बसायचास आणि माझ्या घोट्याला कान लावायचास. पलीकडच्या खाटेवरून आई विचारायची, "काय रे म्हणतो?" तू म्हणायचास, "काम चालू आहे म्हणतो." जन्मात पहिल्यांदा तू माझं काही ऐकून घेत होतास, आणि तेही घोट्याचं.

आई. तिला विसरून कसं चालेल? अर्ध्या अंगावरून वारं गेलेली, कूस बदलायलासुद्धा कुणीतरी लागायचं. तिला ठेवून घेतली होती मी, कारण मी एकटी आणि तुझं घर कामाचं. मला पाय टेकायचा नव्हता तोवर तिचं करायला तू एक बाई लावून दिली होतीस आणि रात्रीला स्वतः येत होतास. मग तुला परदेशातून बोलावणं आलं. तिथल्या लोकांना तुला तुझे स्क्रू दाखवायचे होते, त्यात माझा घोटा पहिल्या रांगेत होता. वहिनीलाही घेऊन गेलास. "बाई आहे ना," म्हणालास. "शैले, पायावर वजन टाकू नकोस, बाकी काही नाही."

बाईच्या गावी कुणीतरी वारलं, ती तिकडे निघून गेली. शेजारच्या मिश्राकाकी दोन वेळा येऊन आईचं करून जात. पण आई काही वेळापत्रक बघून घसरली नाही. दुपारी मी वॉकर धरून पाणी आणायला गेले होते. परत आले तर ती खाटेवरून अर्धी खाली, डोकं खाली लोंबकळतंय, आणि तिला माझं नावसुद्धा नीट घेता येत नाही. मी वॉकर सोडला. दोन्ही पाय जमिनीवर रोवले, तिच्या काखेत हात घातले आणि उचलली. घोट्यात 'कट्' झालं ते तिनेही ऐकलं. खाटेवर पडल्या पडल्या ती माझ्या पायाकडे बघून रडायला लागली. मी म्हटलं, "काही नाही गं, हायड्रोजन आहे."

तू आलास, एक्स-रेच्या फिल्म बघितल्यास. हाड सरकलं होतं. स्क्रूंची जागा अंधुक झाली होती, ते आधीच बरेचसे झिजून गेले होते, तुझ्या हिशेबापेक्षा फार लवकर. हे तू मला सांगितलं नाहीस, मला दुसऱ्या एका डॉक्टरांनी सांगितलं. तेही म्हणाले, स्टील असतं तर टिकलं असतं असं छातीठोक सांगता येत नाही, पण कदाचित टिकलं असतं. तू म्हणालास ते एवढंच: "वजन टाकलंस." मी म्हटलं, "आई पडत होती." तू म्हणालास, "हो, पण वजन टाकलंस." वजन कोण कोणावर टाकून गेलं होतं, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. आई ऐकत होती म्हणून गिळलं.

तू म्हणालास, पुन्हा ऑपरेशन करू, स्टील घालू, सरळ करू. मी म्हटलं, "परत नको कापू." तुला ते शब्द आठवले असतील असं मला वाटलं. आठवले असतील तर तुझ्या चेहऱ्यावर दिसलं नाही. हाड जुळलं, वाकडं जुळलं. मुलींना दरवर्षी भीमबेटकाला न्यायचे, गुहांतली चित्रं दाखवत मैलभर चालवायचे, ते बंद झालं. भूगोलाच्या बाई खुर्चीत बसून जगाचा नकाशा दाखवायला लागल्या.

आणि आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणायचे, "तुझा स्क्रू आधीच गळून गेला होता." तू म्हणायचास, "गळून पान जातं, शैले. धातू विरघळतो. गळणं ही तुझी हिंदी, 'गलना'." मी म्हणायचे, "बरं, विरघळून गेला. आधीच." तेवढ्यात तू हात धुवायला उठलेला असायचास. दिवाळीला, निखिलच्या मुंजीत, आई गेल्यानंतर पिंड ठेवून कावळ्याची वाट बघत बसलो होतो तिथेसुद्धा. दरवेळी मी 'गळून' म्हणायचे आणि दरवेळी तू तेवढाच शब्द उचलायचास. पुढे पुढे तर मी मुद्दाम म्हणायचे. वाटायचं, शब्दाला धरून का होईना, माणूस त्या वाक्यापर्यंत येईल.

मंडळाच्या गणेशोत्सवातलं तुझं व्याख्यान मी तुला कधीच माफ केलेलं नाही, आणि आता तू मेलास म्हणूनही करणार नाही. विषय 'विरघळणारे धातू, जुळणारी हाडं'. मी दुसऱ्या रांगेत, पाय पुढे काढून. पहिलं चित्र खाटेचं. तू म्हणालास, "एका लहान मुलीला मी रडताना पाहिलं आणि मला ही कल्पना सुचली." सभागृह हळहळलं. मग तुझे चांगले निकाल, आणि ते खरोखर चांगले होते, बाकीच्या माणसांचे पाय सुरेख जुळले होते. शेवटी एक वाकडा घोटा. "या रुग्णाने सूचना पाळल्या नाहीत, घाई केली." मागच्या रांगेतून जोशीबाई मोठ्याने म्हणाल्या, "अगं शैला, हा तुझाच पाय ना?" लोक हसले. तूही हसलास. पहिल्या चित्रात मी एक लहान मुलगी होते, शेवटच्या चित्रात एक रुग्ण. बहीण मी कुठल्याच चित्रात नव्हते. प्रसादाची वाटी तशीच खुर्चीवर ठेवून मी निघाले, आणि मला लवकर निघतासुद्धा येईना. लंगडत निघायला वेळ लागतो. सगळ्यांनी पाठमोरी मला नीट पाहून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू स्कूटर घेऊन दारात उभा. मी शाळेत एकटी जायची नाही, हे तू ठरवून टाकलं होतंस. मी मागे बसले. त्यानंतर माझ्या निवृत्तीपर्यंत तू मला रोज सोडलंस, रोज आणलंस. प्रयोगशाळेत कितीही काम असो, पाऊस असो, मी तुला वाटेत शिव्या घालत असो. जिन्याला दोन्हीकडून कठडा बसवून दिलास. माझ्या डाव्या बुटाचा तळ जाड करून आणायला स्वतः चांभाराकडे बसायचास आणि त्यालाही दोन चुका सांगायचास. ते एक वाक्य सोडून तू मला सगळं दिलंस. त्यामुळेच मला तुझा जास्त राग येतो. नुसता दुष्ट असतास तर मी तुला कधीच सोडून दिलं असतं.

मग तू पडलास. न्हाणीघरात, साबणावरून, अगदी चारचौघांसारखा. मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं. तिथे मॅग्नेशियम चालत नाही, तेवढा भार त्याला पेलत नाही, हे मला ठाऊक आहे. तुझ्या बसस्टॉपवरच्या शाळेत मीही शिकले आहे. तरी सळई घातल्याचं कळलं तेव्हा मी वहिनीला म्हटलं, "बघ, स्वतःची वेळ आली तेव्हा न विरघळणारं घेतलं." ऑपरेशन चांगलं झालं. छातीने दगा दिला.

शेवटच्या दिवशी मी तुझ्यापाशी बसले होते. तोंडावर मास्क, डोळे मिटलेले. मनात म्हटलं, आता तरी. आता कुणी ऐकत नाही, सभागृह नाही, आई नाही. तू डोळे उघडलेस. मी वाट पाहिली. नर्स म्हणाली, वेळ संपली. मी उठले आणि म्हटलं, "दादा, घरी जाऊन वापस येते." तू हाताने मास्क बाजूला केलास. मी वाकले. तू म्हणालास, "परत." नर्सने मास्क पुन्हा बसवला. तू माझ्याशी बोललेला शेवटचा शब्द हा. संध्याकाळी मी परत आले तेव्हा तू नव्हतास.

हे इथेच संपलं असतं तर मी तुला सुखाने शिव्या घालत जगले असते. पण तेराव्याला तुझे डॉक्टर आले. दुबे, तरणा मुलगा, तुझ्या पायात सळई घालणारा. कॉलेजात तुझं लिहिलेलं वाचलं होतं म्हणे त्याने. तो बाहेरच्या खोलीत वहिनीसमोर बसला होता आणि मी चहा घेऊन येत होते. मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. स्वयंपाकाच्या बाई समजला असेल.

"बड़े ज़िंदादिल थे सर," तो म्हणाला. "ऑपरेशन के पहले मैंने मज़ाक में पूछा, सर, आपका वाला स्क्रू डाल दूँ? बोले, नहीं भई. वो मैंने अपनी बहन के पैर में डलवाया था. हड्डी जुड़ने के पहले ही गल गया. उसकी कोई ग़लती नहीं थी, बेचारी आज तक लँगड़ाती है." मग मान हलवून म्हणाला, "बताइए आंटी, कौन साइंटिस्ट इतनी ईमानदारी से बोलता है?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. तिलाही ते नवीन होतं, की नव्हतं, मला विचारवलं नाही. मी चहा ठेवला. कप थोडा सांडला. डॉक्टर पाय वर घेत म्हणाला, "संभाल के, माताजी," आणि मग माझा पाय त्याच्या नजरेस पडला. तो हाडांचा डॉक्टर आहे, चालणं बघून त्याला कळलं. त्याने चहा घेतला नाही. उठून उभा राहिला, हात जोडले आणि गेला.

मी स्वयंपाकघरात आले. तुझी सळई खिडकीत होती. रडले, दादा. अशी रडले की निखिल धावत आला आणि मी त्याला बाहेर घालवलं. तुला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ते वाक्य तुझ्यापाशी तयार होतं, पूर्ण, एकही शब्द कमी नाही, त्यात 'बहीण'सुद्धा होती. आणि ते तू कुणाला दिलंस? ऑपरेशनला उभ्या असलेल्या एका परक्या पोराला, थट्टेच्या उत्तरात. मी रोज तुझ्या पाठीमागे स्कूटरवर बसत होते. माझं तोंड तुझ्या कानापाशी होतं.

आणि वर 'गल गया' म्हणालास. तू! जन्मभर मला त्या एका शब्दावर अडवून धरलंस आणि जाताना तोच तोंडातून काढलास. पान गळतं, दादा. धातू विरघळतो. आणि ती हिंदी झाली. मी ऐकलं नाही असं समजते. आता परत सांग, मराठीत, मला.